लबाड कोल्ह्याच्या गोष्टी मराठीत छापून घेणाऱ्या राजाला लहानपणी स्वतःच्याच राजवाड्यात कोंडलं होतं

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, लांडगा आला रे आला, सिंहाचा वाटा. सोशल मीडियावर दिवसभर फिरलात तर या तिघांपैकी एक तरी कुणाच्या ना कुणाच्या पोस्टखाली सापडतंच. राजकारणावर बोलायचं असो, नाहीतर मित्राची जिरवायची असो, कोल्हा, लांडगा आणि सिंह कामाला येतात.

हे तिघंही आले इसापाच्या गोष्टींमधून. लबाडी कशी केली जाते, ती कशी ओळखायची आणि शेवटी करणाऱ्याला कसं भरावं लागतं, हे प्राण्यांच्या तोंडून सांगणाऱ्या त्या गोष्टी. प्रत्येक मराठी घरात इसापनीतीचं एखादं पुस्तक कधी ना कधी येऊन गेलेलं असतं.

पण या गोष्टी मराठीत पहिल्यांदा छापल्या कुठे? पुण्यात नाही आणि मुंबईतही नाही. त्या छापल्या गेल्या तमिळ मुलखात, कावेरीच्या काठी, तंजावरला. पुण्यात तेव्हा पेशवाई चालू होती. आणि त्या छापून घेणाऱ्या राजाचं नाव होतं सरफोजीराजे भोसले.

विशेष म्हणजे इसापाने रंगवलेले सगळे प्रकार या राजाने गोष्टीत वाचण्याआधी अंगावर झेललेले होते.

सुरुवात करूया बुलढाणा जिल्ह्यातून

तंजावरचं भोसले घराणं समजून घ्यायचं तर आधी सिंदखेडराजाला यावं लागतं. हे लखुजीराव जाधवांचं गाव, राजमाता जिजाऊंचं जन्मस्थान. दरवर्षी १२ जानेवारीला इथे लाखोंची गर्दी होते. जिजाऊंचं लग्न वेरूळच्या भोसल्यांकडे झालं आणि शहाजीराजे सिंदखेडचे जावई झाले.

याच गावात लखुजीरावांची भव्य समाधी आहे. तिच्यामागे दगाफटक्याची एक गोष्ट आहे. १६२९ साली लखुजीराव आपल्या मुलांसह आणि नातवासह दौलताबादला निजामशहाच्या दरबारात गेले. बोलावणं मानाचं होतं. दरबारात त्यांच्यावर तलवारी चालल्या आणि सगळे मारले गेले. आजारी सिंहाच्या गुहेत जाणाऱ्यांच्या पावलांचे ठसे दिसतात, बाहेर येणाऱ्यांचे दिसत नाहीत, ही इसापाची गोष्ट आठवते ना? तसंच.

शहाजीराजांचा दुसरा संसार तुकाबाईंशी. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. व्यंकोजीराजे विजापूरच्या आदिलशहाच्या चाकरीत होते. तंजावरच्या गादीवर नायक घराण्याचा वारस बसवून द्यायचा, या कामगिरीवर विजापूरने त्यांना पाठवलं. त्यांनी वारसाला बसवलं आणि थोड्याच काळात, १६७६ च्या सुमारास, स्वतःच गादी घेतली. उंटाने तंबूत आधी मान घातली आणि मग मालकालाच बाहेर काढलं, अशी एक गोष्ट आहे. आपल्याच घराण्यातली गोष्ट म्हणून ती वेगळी सांगायचं कारण नाही.

अशी सिंदखेडपासून हजार किलोमीटरपेक्षा जास्त दूर एक मराठी गादी तयार झाली. ती पावणेदोनशे वर्षं टिकली.

दहा वर्षांच्या मुलाची गादी

आता थेट १७८७ सालात येऊ. तंजावरच्या गादीवर तुळजाराजे होते. त्यांची अवस्था वाईट होती. १७७३ साली अर्काटच्या नवाबाने इंग्रजांच्या मदतीने त्यांचं राज्य घेतलं होतं. १७७६ साली इंग्रजांनीच ते परत मिळवून दिलं. ज्याने घर फोडायला हात दिला, त्यानेच किल्ल्या परत आणून दिल्या आणि उपकाराचं ओझं ठेवलं. तेव्हापासून तंजावर कंपनी सरकारच्या मुठीत होतं.

तुळजाराजांच्या मागे गादी चालवायला मूल उरलं नव्हतं. म्हणून जानेवारी १७८७ मध्ये त्यांनी भोसल्यांच्याच एका शाखेतला मुलगा दत्तक घेतला. हा मुलगा म्हणजे सरफोजी. जन्म १७७७ चा, म्हणजे वय जेमतेम नऊ-दहा. दत्तकविधान झालं आणि त्यानंतर लवकरच तुळजाराजे वारले.

मुलगा लहान असल्याने कारभार पाहायची जबाबदारी तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांच्याकडे आली. मुलगा मोठा होईपर्यंत सांभाळा, एवढंच काम. पण राखणदाराला शेत आवडलं.

अमरसिंहांनी दावा केला की हे दत्तकविधानच चुकीचं आहे. पंडितांना विचारण्यात आलं. पंडितांनी कारणं दिली. मुलाचं वय जास्त आहे. तो त्याच्या आई-बापांचा एकुलता एक आहे. जवळच्या नात्यातला नाही. झालं. मद्रासच्या इंग्रज गव्हर्नरने ते ऐकून घेतलं आणि अमरसिंहांना राजा केलं.

इसापाची लांडगा आणि कोकराची गोष्ट इथे बरोबर बसते. लांडगा कोकराला आधी कारणं सांगतो. तू पाणी गढूळ केलंस, तू मला शिवी दिलीस, तू नाही तर तुझ्या बापाने दिली असेल. खरं तर खायचं आधीच ठरलेलं असतं, कारणं नंतर शोधली जातात.

आणि मुलगा? त्याला राजवाड्यातच कोंडून ठेवल्यासारखं झालं. शिक्षणाची आबाळ झाली. दत्तक पुत्र म्हणून ज्या वाड्यात आला, त्याच वाड्यात तो कैदी झाला.

मदतीला आला एक जर्मन पाद्री

या मुलाच्या बाजूने उभा राहिला तो ना नातेवाईक होता, ना त्याच्या धर्माचा. त्याचं नाव ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. प्रशियात जन्मलेला हा मिशनरी १७५० साली भारतात आला आणि परत गेलाच नाही. त्याला तमिळ आणि मराठी येत होतं. त्याच्या शब्दाला इतकी किंमत होती की इंग्रजांनी हैदर अलीकडे बोलणी करायला त्यालाच पाठवलं होतं.

तुळजाराजांनी मरण्याआधी मुलाची काळजी श्वार्ट्झवर सोपवली होती. मुलाचे हाल होताहेत हे कळल्यावर तो मद्रासला तक्रारी करत राहिला. अखेर १७९३ साली सरफोजींना आणि तुळजाराजांच्या विधवा राण्यांना तंजावरमधून काढून मद्रासला हलवण्यात आलं.

मद्रासमध्ये या मुलाची शाळा खऱ्या अर्थाने सुरू झाली. इंग्रजी, गणित, भूगोल, विज्ञान. मराठी, तमिळ आणि संस्कृत होतंच. पुस्तकांचं वेड लागलं ते इथे, आणि ते शेवटपर्यंत सुटलं नाही. धर्म मात्र त्यांनी बदलला नाही, ते आयुष्यभर हिंदूच राहिले.

दरम्यान गादीचा वाद कलकत्त्यापर्यंत पोहोचला होता. काशी आणि बंगालच्या पंडितांना तोच प्रश्न पुन्हा विचारण्यात आला. या वेळी उत्तर उलटं आलं, दत्तकविधान वैध आहे. शास्त्र तेच होतं, पण आता विचारणाऱ्याला हवं असलेलं उत्तर वेगळं होतं. अमरसिंहांच्या कारभारावर कंपनी नाराज होती, हेही इथे लक्षात ठेवायला हवं.

जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. वय विशीतलं. पण ज्याने यासाठी दहा वर्षं खटपट केली, तो श्वार्ट्झ हे बघायला नव्हता. चार महिने आधी, फेब्रुवारीत तो वारला होता.

दोन मांजरं आणि एक माकड

गोष्ट इथे संपली असती तर तात्पर्य सोपं होतं. लबाडी करणाऱ्याची गादी गेली, हक्काच्या माणसाला मिळाली, करावे तसे भरावे.

पण कंपनी सरकारने अजून आपला हिशोब मांडायचा होता.

आपल्याकडे लहान मुलांना एक गोष्ट सांगतात. दोन मांजरांचं लोण्याच्या गोळ्यावरून भांडण होतं. न्याय करायला माकड येतं. ते तराजू घेतं, दोन तुकडे करतं आणि जड पारड्यातलं थोडं थोडं खात सगळं लोणी संपवून टाकतं.

२५ ऑक्टोबर १७९९ रोजी सरफोजीराजांनी कंपनीबरोबर तह केला. तंजावरच्या सगळ्या मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. महसूल कंपनीचा, न्याय कंपनीचा, सैन्य कंपनीचं. राजाकडे उरला किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा भाग. बदल्यात वर्षाला एक लाख पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. अमरसिंहांना २५ हजार पॅगोडांची पेन्शन मिळाली आणि काही वर्षांतच ते वारले.

म्हणजे अमरसिंहांना केल्याचं फळ मिळालं. सरफोजींना त्यांची गादी मिळाली. आणि राज्य तिसऱ्यानेच खाल्लं.

गादीच्या एका वर्षात तिच्यातला अर्थ निघून गेला. वय २२. लढायला सैन्य नाही, चालवायला राज्य नाही, हातात पैसा मात्र आहे. अशा जागी बसलेल्या कित्येक संस्थानिकांनी पुढचं आयुष्य शिकार आणि मेजवान्यांत घालवलं. सरफोजीराजांनी काय केलं, हे सांगण्यासाठीच हा सगळा लेख.

राजाने छापखाना आणला

तंजावरच्या राजवाड्यात नायक राजांच्या काळापासूनचा ग्रंथसंग्रह होता, सरस्वती महाल. सरफोजीराजांनी तो वाढवायला घेतला. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितं हजारोंनी जमवली, ज्यांच्या नकला हव्या होत्या त्या करून घेतल्या. युरोपातून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा भाषांतली पुस्तकं मागवली. वैद्यक, शरीरशास्त्र, वनस्पती, प्राणी, नकाशे, संगीत, काहीही वर्ज्य नव्हतं.

मग १८०५ च्या सुमारास त्यांनी देवनागरी अक्षरांचा छापखाना सुरू केला. नाव ठेवलं नवविद्याकलानिधी. तेव्हा मराठी पुस्तक छापणं किती दुर्मीळ होतं, हे पाहा. त्याच १८०५ साली बंगालमध्ये सेरामपूरला विल्यम कॅरीने मराठी व्याकरण छापलं होतं. खुद्द महाराष्ट्रात मात्र पुस्तक म्हणजे हाताने लिहिलेली पोथी.

तंजावरच्या या छापखान्यातून १९व्या शतकाच्या पहिल्याच दशकात एक मराठी पुस्तक बाहेर पडलं. नाव बालबोधमुक्तावली. इसापाच्या गोष्टींचा हा मराठी अनुवाद राजांच्या पदरी असलेल्या सख्खन पंडित यांनी केला होता.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. प्राण्यांच्या गोष्टी मराठी माणसाला नवीन नव्हत्या. पंचतंत्र आणि हितोपदेश होतेच. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार आणि मेहकर भागात १३व्या शतकात फिरलेल्या चक्रधरस्वामींच्या लीळाचरित्रात चिमणी आणि कावळ्याची गोष्टही आहे. शेणाचं घर वाहून जातं, मेणाचं राहतं, तीच. आपल्या आज्यांनी सांगितलेल्या गोष्टीला सातशे वर्षांचा लेखी पुरावा आहे.

नवीन होतं ते वेगळंच. छापलेलं पुस्तक म्हणजे एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणारी गोष्ट नव्हे, एकाच वेळी अनेकांच्या हाती जाणारी गोष्ट. पोथी देवघरात किंवा पंडिताच्या घरी राहते, छापील पुस्तक मुलाच्या हातात जाऊ शकतं. आणि विषय तरी काय? लबाड कसा बोलतो, भोळा कसा फसतो, गोड बोलणाऱ्याच्या पोटात काय असतं. ज्या मुलाला हे सगळं कुणी आधी सांगितलं नव्हतं, त्याने राजा झाल्यावर दुसऱ्यांच्या मुलांसाठी ते छापून ठेवलं.

मुंबईला हे जमायला वेळ लागला. तिथे पंचोपाख्यान छापलं गेलं १८२२ साली आणि सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती आली १८२८ साली. शाळांमधून पुढे पोहोचली ती छत्र्यांची इसापनीती. तंजावरचं पुस्तक मराठी मुलखापासून इतकं लांब छापलं गेलं की महाराष्ट्रात त्याचं नावही फार जणांना कळलं नाही.

राजा की शिक्षक?

सरफोजीराजांची बाकीची कामं पाहिली की इसापाचं पुस्तक सुटं वाटत नाही. अवघड गोष्ट सोपी करून लोकांपर्यंत न्यायची, ही त्यांची सवयच होती.

तमिळमध्ये कुरवंजी नावाचा नाट्यप्रकार आहे. त्यात भविष्य सांगणारी भटकी बाई गाणी म्हणत येते. सरफोजीराजांनी मराठीत देवेंद्र कुरवंजी लिहिली आणि त्या बाईच्या तोंडून चक्क जगाचा भूगोल सांगितला. आज आपण रील बनवून देशांच्या राजधान्या पाठ करतो. हे त्याचंच दोनशे वर्षांपूर्वीचं रूप समजा.

आपल्या आवडत्या मुक्तांबाळच्या नावाने त्यांनी ओरतनाड येथे छत्रम, म्हणजे अन्नछत्र आणि धर्मशाळा, उभारलं. तिथे वाटसरूंना जेवण होतंच, शिवाय मुलांसाठी शाळा होती.

धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यक शेजारी शेजारी चालत होतं. डोळ्यांच्या रुग्णांच्या उपचारांच्या नोंदी तिथे ठेवल्या जात. काहींसोबत त्या रुग्णाच्या डोळ्याचं चित्रही काढलेलं असे. त्या नोंदी आजही जपलेल्या आहेत.

१८०३ साली त्यांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. मजकूर बाबुराव चिटणिसांचा. चोळ राजांच्या हजार वर्षं जुन्या मंदिरात गेलात तर हा प्रचंड मोठा मराठी शिलालेख अजून वाचता येतो. राज्य गेलं होतं, पण आपण कोण हे दगडात लिहून ठेवलं.

उपकारही ते विसरले नाहीत. श्वार्ट्झच्या स्मरणार्थ त्यांनी इंग्लंडमधला नामांकित शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी शिल्प करून घेतलं. मरणशय्येवरचा श्वार्ट्झ आणि त्याचा हात हातात घेतलेले तरुण सरफोजी, असं ते दृश्य आहे. तंजावरच्या चर्चमध्ये ते आजही आहे.

या आयुष्याची दुसरी बाजूही आहे. याच राजाने समुद्रकाठी मनोरा नावाची उंच इमारत बांधली. कशासाठी? इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं, त्या विजयाच्या आठवणीसाठी. ज्यांनी आपलं राज्य घेतलं त्यांच्याच विजयाचा हा मनोरा. गादी ज्यांच्या मर्जीने मिळाली त्यांना खूश ठेवणं भाग होतं, असं कुणी म्हणेल. लाचारी होती, असंही कुणी म्हणेल. दोन्ही म्हणणाऱ्यांना मुद्दा आहे.

तात्पर्य काय?

१८२० ते १८२२ या काळात सरफोजीराजांनी काशीयात्रा केली. सोबत हजारो माणसांचा लवाजमा होता. तीर्थं झाली तशीच पुस्तकं आणि चित्रंही जमवून झाली. ७ मार्च १८३२ रोजी ते वारले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ साली वारले आणि मागे मुलगा नाही म्हणून कंपनीने तंजावर खालसा केलं. किल्लाही गेला.

इसापाच्या हिशोबाने बघायला गेलं तर हा शेवट चुकलेला वाटतो. लबाड माकडाला कुणी शिक्षा केली नाही. ते लोणी खाऊन खुशाल बसलं. त्याला जाब विचारायला पुढची जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि तो विचारला तो राजांनी नाही, सामान्य लोकांनी.

पण तराजूत एक वस्तू अशी होती जी माकडाला खाता आली नाही. सरस्वती महाल. राज्य खालसा झालं तरी ग्रंथ राहिले. १९१८ साली ते ग्रंथालय सगळ्यांसाठी खुलं झालं. आज ते सरफोजीराजांच्याच नावाने ओळखलं जातं आणि जगभरातले अभ्यासक तिथे येतात. हजारो मराठी आणि मोडी कागद तिथे आपल्याला वाचणाऱ्यांची वाट बघत पडून आहेत.

ज्याची त्याला फळं मिळतात, असं गोष्टी सांगतात. इतिहासात ती कधी उशिरा मिळतात, कधी भलत्यालाच मिळतात. अमरसिंहांना गादी हवी होती, ती अकरा वर्षांत सुटली. कंपनीला मुलूख हवा होता, तोही शेवटी तिच्या हातून गेला. सरफोजीराजांच्या हाती राज्य कधी आलंच नाही. त्यांनी जमवलेली पुस्तकं तेवढी राहिली.

पुढच्या १२ जानेवारीला सिंदखेडराजाला गेलात, तर लखुजीरावांच्या समाधीपाशी जरा थांबा. सिंदखेडच्या जावयाच्या वंशात पुढे एक राजा झाला. त्याने लबाडी ओळखायला शिकवणारं पुस्तक मराठीत पहिल्यांदा छापलं. गावाच्या अभिमानाच्या यादीत हेही एक नाव लिहायला हरकत नाही.